सोनाराच्या राखेंतील सोनें

खामगांवच्या चांदीचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा मनुष्य बुलढाणा जिल्ह्यांत शोधूनच काढावा लागेल. मेहकर तालुक्यांतील जानेफळसारख्या गांवीं मुलीचें लग्न ठरलें, कीं जोडवीं, तोरड्या, ताट-वाटी आणि देव्हाऱ्यांतील मूर्ति ह्यांच्यासाठीं घरच्या वडीलधाऱ्यांची दृष्टि साहजिकच खामगांवकडे वळते. तेथील चांदी कसास उतरते हा लौकिक त्या शहराला पिढ्यान्‌पिढ्या पुरला आहे. एकोणिसाव्या शतकांत खामगांव ही वऱ्हाडांतील कापसाची मोठी पेठ होती. १८७० मध्यें जलंबपासून तेथवर लोहमार्गाचा फांटा झाला आणि त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कापूस बाहेर गेला, रुपया आंत आला. तो राणीछाप रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा असे आणि त्यांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. शेतकऱ्याला पेढी ठाऊक नव्हती. सुगीचा रुपया सोनाराच्या मुशींत आटवून त्याचे वाळे करावे आणि दुष्काळांत ते मोडून खावे, हीच त्याची पेढी.

ह्या मोडीघडणींत धातु झिजतो. कानस मारतांना कीस उडतो, तार ओढतांना कण गळतात, उजाळा देतांना वरचा थर घासला जातो, आणि मूस फुटली तर तिच्या भेगांत थेंब अडकून राहतात. हा ऐवज जातो कोठें? व्यवहारी सोनाराला ह्याचें उत्तर पक्कें ठाऊक असतें. तो दुकान रोज झाडतो, परंतु केर रस्त्यावर टाकीत नाहीं. शेगडीची राख, फुटक्या मुशींचे तुकडे, बसायच्या सतरंजीची धूळ, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, उजाळ्याच्या चिंध्या, हें सर्व एका मडक्यांत साठत जातें. शेणानें सारवलेल्या जमिनीचा पोपडासुद्धां कालांतरानें खरवडून त्यांतच पडतो. मुंबईच्या झवेरी बाजारांत तर दुकानांच्या दारांतील धूळ आणि गटारांतील गाळ घमेल्यांत भरून नेणारे लोक आहेत. घमेलेवाले ह्या नांवानेंच ते ओळखले जातात. बाजार मिटला, दिवे मालवले, म्हणजे त्यांचा दिवस सुरू होतो.

सोनाराची राख विकत घेऊन तींतून धातु काढणारा जो मनुष्य, त्याला मराठींत झारेकरी असा जुना शब्द आहे. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशानें ह्या शब्दाला जागा दिली, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतही झारेकऱ्यांची नोंद आहे. मध्यप्रांतांत हेंच काम करणाऱ्यांस सोनझारा म्हणत. रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांनीं १९१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जातिविषयक ग्रंथांत त्यांचें वर्णन आहे. नदीची वाळू धुवून सोन्याचे कण वेंचणें आणि सोनाराच्या भट्टींतील राख धुणें हे दोन्ही उद्योग ते करीत. शालेय इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या सुवर्णनाण्यांचीं चित्रें असतात, परंतु त्या नाण्यांची झीज ज्यांनीं धुळींतून परत आणली त्यांना एक ओळही मिळालेली नाहीं. उकिरड्याशीं संबंध आलेल्या माणसाकडे पाहण्याची आपल्या समाजाची जी रीत, तिचाच हा परिणाम म्हणावा लागेल.

झारेकऱ्याचें काम वरवर पाहतां मातकट दिसतें. पण त्याच्या मुळाशीं पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम आहे. पाण्याच्या मानानें वाळू अडीच पटींहून थोडी अधिक जड, चांदी साडेदहा पट जड, आणि सोनें तर एकोणीस पटींहूनही जड. राख कुटून, चाळून, परातींत घालून पाण्याबरोबर हळूहळू हिंदकळली, म्हणजे कोळसा व माती कांठावरून निघून जातात आणि तळाशीं काळसर, जड असा गाळ राहतो. त्यांत कानशीचा लोखंडी कीस असतो. तो लोहचुंबकानें ओढून घेतात. परंतु सोन्याचे कण इतके बारीक असतात कीं बोटानें वेंचणें शक्य नसतें. तेथें पारा उपयोगी पडतो. गाळांत पारा घालून तो मळला, म्हणजे सोनें व चांदी पाऱ्यांत विरघळतात आणि माती तशीच राहते. मग हा पारा जाड कापडांतून किंवा चामड्यांतून पिळतात. मोकळा पारा खालीं गळतो, कापडांत लोण्यासारखा मऊ गोळा उरतो, आणि तो गोळा विस्तवावर धरला कीं ३५७ अंशांवर पारा उकळून उडून जातो व धातु मागें राहतो.

उडून जातो, तो जातो कोठें, हा प्रश्न येथें पुन्हां उभा राहतो. शहाणा झारेकरी गोळा बंद भांड्यांत ठेवून तापवी आणि भांड्याच्या नळीचें तोंड पाण्यांत सोडी. वाफ थंड होऊन पारा परत मिळे. त्याची ही दक्षता मुख्यत्वें पाऱ्याच्या किंमतीपोटीं होती. जो घाईंत असे किंवा ज्याच्याजवळ भांडें नसे तो उघड्या शेगडीवरच काम उरकी, आणि ती वाफ त्याच्या व त्याच्या पोरांबाळांच्या छातींत जाई. पाऱ्याच्या वाफेला रंग नाहीं, वास नाहीं. हात कांपूं लागतात, हिरड्या सुजून दांत हलतात, स्वभाव चिडखोर होतो. आणि घरचीं माणसें त्याला वयाचा किंवा देवाचा दोष समजतात.

पाऱ्याच्या हातीं न लागलेला धातु शिशानें काढीत. गाळांत शिसें व टाकणखार घालून भट्टींत वितळविलें, म्हणजे सोनें-चांदी शिशांत उतरते. तो गोळा हाडांच्या राखेच्या वाटींत ठेवून वर भात्याचा वारा घातला, कीं शिशाचें मुरदाडशिंग बनतें. त्यांतील कांहीं वाटी शोषून घेते, कांहीं धुराबरोबर निघून जातें. शेवटचा शिशाचा पापुद्रा फाटतो त्या क्षणीं आंतला धातूचा मणि विजेसारखा लखकन चमकतो. ही चमक पाहिल्यावर भाता थांबवायचा, हें ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे. शिशाचा धूर मात्र मोजला जात नसे.

हा उद्योग किती जुना आहे हें सांगणारीं साधनें आपल्याकडे आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुवर्णाध्यक्षाचें प्रकरण आहे. राजाच्या सोनारशाळेंत येणाऱ्या-जाणाऱ्यांची झडती घ्यावी, सोनारांच्या चोरीच्या युक्त्या कोणत्या, ह्याचा तेथें इतका तपशील आहे कीं चाणक्याचा सोनारांवर काडीचाही विश्वास नव्हता हें स्पष्ट दिसतें. दिल्लीच्या टांकसाळींत असलेल्या ठक्कुर फेरू ह्या जैन गृहस्थानें १३१८ मध्यें ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. नाण्यांचा कस आणि धातूंची शुद्धि हा त्याचा विषय. पुढें सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या टांकसाळींतील कामगारांची यादी दिली, तींत नियारिया आहे. टांकसाळीची राख व माती धुवायची, उरलेल्यांतून पाऱ्यानें सोनें खेंचायचें, आणि मग पारा तापवून वेगळा करायचा, हें त्याचें काम. तीनशें वर्षांनंतर मराठी मुलखांतील झारेकरी करीत होता तीच ही कृति.

त्याच ‘आईन’मध्यें वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत मेहकरचा सरकार म्हणून उल्लेख आहे, आणि लोणारच्या सरोवराचेंही वर्णन आहे. कांच व साबण करण्यास लागणारे क्षार तेथें मिळतात, सोराही निघतो व त्याचें उत्पन्न सरकारांत जमा होतें, असें अबुल फजल लिहितो. लोणारच्या क्षारांत मुख्य भाग सोड्याचा व मिठाचा आहे हें पुढें रासायनिक पृथक्करणांत दिसून आलें; तेव्हां सोऱ्याची गोष्ट जपूनच घ्यावी. परंतु टांकसाळींतील राख धुणारा आणि मेहकर परगण्यांतील खाऱ्या पाण्याचें तळें हीं दोन्हीं एकाच ग्रंथांत आलीं आहेत हा योगायोग त्या बाजूच्या वाचकांस मौजेचा वाटेल. कारण पुढची कथा सोऱ्याचीच आहे.

सोरा आणि तुरटी किंवा हिराकस एकत्र तापवून जी वाफ निघते ती थंड केली म्हणजे तेजाब मिळतो. शास्त्रीय भाषेंत त्याला नत्राम्ल म्हणतात. ह्या तेजाबाचा एक गुण सोनारी विद्येला वरदान ठरला. तो चांदी, तांबें, शिसें ह्यांना विरघळवितो आणि सोन्याला स्पर्शही करीत नाहीं. जुना हिणकस दागिना शुद्ध करावयाचा तर त्यांत प्रथम आणखी चांदी किंवा तांबें मिसळतात, इतकें कीं सोनें चौथाई उरावें. बावनकशी सोनें मिळविण्यासाठीं त्यांत आधीं हीण घालावें लागतें ही गोष्ट ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. पण सोन्याचा भाग फार असला तर तें आपल्या आंतील चांदीला झांकून धरतें व तेजाबाला वाट मिळत नाहीं. चौथाई केलेल्या मिश्रणाचा पातळ पत्रा किंवा दाणे करून तेजाबांत तापविले, म्हणजे हीण विरघळून जातें आणि तळाशीं तपकिरी भुकटी राहते. ह्या भुकटीकडे पाहून हें सोनें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. ती गरम पाण्यानें धुवून टाकणखाराबरोबर आटविली, कीं तिच्यांतून पिवळी लगड बाहेर येते.

आतां चांदी तेजाबाच्या पाण्यांत आहे. त्यांत तांब्याची पट्टी सोडली, कीं तांबें स्वतः विरघळूं लागतें आणि आपल्या बदल्यांत चांदी खालीं टाकतें. एक तोळा तांबें सव्वातीन तोळ्यांहून अधिक चांदी परत देतें. पाणी निळें-हिरवें होतें. त्या पाण्यांत लोखंडाचे तुकडे टाकले, तर त्यांच्यावर तांब्याचा लाल थर चढतो. असा हा एका धातूनें दुसऱ्यास हुसकून लावण्याचा क्रम आहे. अलीकडे ज्याला चक्राकार अर्थव्यवस्था असें भारदस्त नांव मिळालें आहे, तिचा अर्धा धडा ह्या एका कुंडींत आहे. उरलेला अर्धा धडा धुराचा आहे आणि तो पुढें येईलच.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमोनियापासून नत्राम्ल करण्याची ओस्टवाल्डची कृति निघाली व पुढें तेजाब कारखान्यांतून स्वस्त मिळूं लागला. राख धुण्याच्या जुन्या धंद्याला त्यामुळें नवें रूप आलें, आणि तें रूप देशभर नेलें तें महाराष्ट्रांतील सर्वांत कोरड्या तालुक्यांतील लोकांनीं. सांगली जिल्ह्यांतील खानापूर व आटपाडी, साताऱ्यांतील माण व खटाव, हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. पश्चिमेचे ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि ह्या माळावर वारा तेवढा येतो. बाजरीचें एक पीक पदरांत पडलें तर पडलें. ह्या भागांतील तरुण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सोन्या-चांदीच्या गलाईसाठीं परमुलखीं जाऊं लागले. प्रथम एक जाई. त्याच्या मागोमाग भाऊ, मेहुणा, भाचा, शेजाऱ्याचा मुलगा जाई. असें होतां होतां केरळपासून पंजाबपर्यंत आणि बंगालपर्यंत, जेथें सराफकट्टा आहे तेथें विटें-आटपाडीकडचा मराठी गलाईवाला आहे अशी स्थिति झाली. १९७२ सारख्या दुष्काळांत गांवचीं विहिरींचीं तळें उघडीं पडलीं तेव्हां ह्या घरांच्या चुली परमुलखांतून आलेल्या मनिऑर्डरींवर पेटल्या असतील हें सांगण्यास पुरावा शोधावयास नको.

गलाईचें दुकान म्हणजे बहुधा सराफकट्ट्यामागच्या गल्लींतील एक खोली. तींत भट्टी, मुशी, चिमटे, तराजू आणि तेजाबाच्या बरण्या असतात. गांवाकडून आलेला पोरगा मिसरूड फुटण्याच्या आंत तेथें कामाला लागे. आधीं कोळसा फोडणें, मग राख कुटणें, मग मूस धरणें, मग टंच काढणें, अशी पायरी असे. सहा-आठ वर्षांनीं हाताखालचा मुलगा आपलें स्वतंत्र दुकान काढी व गांवाहून दुसरा पोर आणी. सराफ अनोळखी भाषेंतल्या ह्या माणसाच्या हातीं तोळ्या-तोळ्यानें सोनें देई आणि बहुतेक वेळां कागदाचा कपटाही न घेतां देई. मल्याळी, तामीळ किंवा बंगाली सफाईनें बोलणारा हा मनुष्य जत्रेला मात्र गांवीं हजर असतो. माळावर आज जीं दुमजली घरें दिसतात त्यांच्या पायांत दूरच्या एखाद्या शहरांतील राख आहे.

ह्या धंद्यावर सरकारचा मोठा घाव पडला तो १९६३ मध्यें. चिनी आक्रमणानंतर परकी चलन वाचविण्यासाठीं अर्थमंत्री मोरारजी देसाई ह्यांनीं सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले व १४ कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली. देशांतील लाखों सोनारांची उपजीविका धोक्यांत आली. १४ कॅरटांची अट १९६६ मध्यें उठली. परंतु १९६८ मध्यें सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला, आणि तो १९९० पर्यंत चालू राहिला. सोनाराचा हात थांबला कीं त्याची राखही थांबते. ज्या कायद्यानें एवढा हाहाकार केला त्यानें चोरटें सोनें थांबविलें असें त्याचे कैवारीही फारसें म्हणत नाहींत. तेजाबाच्या धुराविषयीं मात्र त्या सबंध कायद्याला कांहीं सांगावयाचें नव्हतें.

तो धूर काय आहे हें पाहिलें पाहिजे. तेजाब चांदीवर किंवा तांब्यावर पडला कीं लालसर-तपकिरी वाफांचे लोट उठतात. हा नत्रवायूचा एक ऑक्साइड आहे. गंधकाच्या धुरानें किंवा मीठ-तेजाबाच्या वाफेनें घसा तात्काळ धरतो व मनुष्य आपोआप बाहेर पळतो. हा धूर त्याहून कपटी आहे. तो पाण्यांत सावकाश विरघळतो, म्हणून नाकाघशाला फारसा न टोचतां थेट फुप्फुसाच्या तळाशीं जातो. दुपारीं धूर पोटांत घेतलेला मनुष्य संध्याकाळीं धडधाकट जेवतो, आणि रात्रीं त्याला धाप लागते. कधीं कधीं चोवीस तासांनंतरही फुप्फुसांत पाणी भरून येतें. थोडा थोडा धूर वर्षानुवर्षें घेणाऱ्याचा दमा व खोकला हें ह्याच गोष्टीचें संथ रूप होय. दमेकरी गलाईवाल्याला कोणी ‘हवा मानवली नाहीं’ म्हणालें, तर तें अक्षरशः खरें असतें.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांत कॅडमियमची भर पडली. दागिन्यांचा सांधा जुळविण्यास तांबें-चांदीच्या डांकाऐवजीं कॅडमियम मिसळलेला डांक वापरूं लागले. ‘केडीएम’ हीं अक्षरें तेव्हां प्रत्येक सराफाच्या पाटीवर झळकत होतीं व गिऱ्हाइकाला तीं शुद्धतेची खूण वाटत. त्या डांकानें सोन्याचा कस उतरत नसे हें खरें. परंतु कॅडमियम ७६७ अंशांवर उकळतें आणि सोनें वितळतें १०६४ अंशांवर. म्हणजे असा दागिना मोडींत आला, मुशींत पडला, कीं सोनें अजून घट्ट असतांनाच कॅडमियमचा धूर खोलींत पसरलेला असतो. तो फुप्फुस व मूत्रपिंड दोहोंना घातक आहे. आतां सोन्यावर हॉलमार्क आला असून जून २०२१ पासून देशांतील २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला, आणि केडीएमची प्रतिष्ठा ओसरली. पण ज्या बायकांनीं १९९५ मध्यें केडीएमचे दागिने केले त्यांच्या नाती ते मोडावयास आज आणीत आहेत. विष दागिन्यांत तीस वर्षें झोंपून होतें आणि तें गलाईवाल्याच्या दारांत जागें होतें.

उरलेलें पाणी गटारांत जातें. त्यांतील तांबें विकण्याजोगें असल्यामुळें बहुतेक जण लोखंडाचे तुकडे टाकून तें काढून घेतात; पण उरतो तो आंबट, लोहयुक्त द्रव कोणी विकत घेत नाहीं. ह्या सबंध इतिहासांत हेंच पुनःपुन्हां दिसतें. पाऱ्याला किंमत होती म्हणून पारा पकडला गेला. चांदीला होती म्हणून चांदी, तांब्याला होती म्हणून तांबें. सोन्याचा एक गुंज भार हरवूं न देणाऱ्या ह्या चोख माणसानें धूर मात्र खिडकीबाहेर सोडून दिला, कारण बाजारांत त्याचा भाव नव्हता.

वास्तविक त्या धुरालाही भाव आहे. तो नत्राम्लाचाच उडालेला अंश होय. बंद पेटींत पंख्यानें ओढून, हवा व पाणी ह्यांच्याशीं त्याची गांठ घालून दिली, तर त्यांतील पुष्कळसा भाग पुन्हां तेजाबाच्या रूपानें मिळतो. जो सुटतो तो दाहक सोड्याच्या पाण्यांत धरतां येतो. मोठ्या शुद्धीकरण-कारखान्यांत असे धुराचे मनोरे आहेत. अडचण आहे ती दहा-बारा हातांच्या खोलीची. एका दिवसांत शंभर-दोनशें ग्रॅम सोनें शुद्ध करणाऱ्या दुकानदारानें मनोरा कोठें उभारावा, आणि त्याचें कर्ज कशांतून फेडावें? ह्याला एक वाट अशी आहे कीं गल्लींतील वीस-पंचवीस दुकानांनीं तेजाबाचें काम तेवढें एका समाईक जागीं करावें. परंतु सोनें आपल्या नजरेआड दुसऱ्याच्या भट्टींत घालण्यास सराफ राजी नसतो, गलाईवालाही नसतो. कौटिल्याचा अविश्वास अजून जिवंत आहे.

सरकारनें १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं १९८९ मध्यें घातक कचऱ्याचे पहिले नियम केले. महाराष्ट्रांत तळोजें, रांजणगांव, बुटीबोरी अशा ठिकाणीं तो कचरा सुरक्षितपणें पुरण्याच्या व जाळण्याच्या जागा झाल्या. २०१६ च्या नव्या नियमांनीं क्रम बांधून दिला: कचरा आधीं टाळावा, मग कमी करावा, मग पुन्हां वापरावा, त्यांतील उपयुक्त द्रव्य काढून घ्यावें, आणि पुरणें सर्वांत शेवटीं. नियम चांगला आहे. पण तो कारखान्यांच्या मापानें बेतलेला आहे, आणि सराफकट्ट्यामागची खोली कोणत्याही नकाशांत कारखाना म्हणून दिसत नाहीं.

दरम्यान झारेकऱ्याच्या परातींत नवी राख येऊन पडली आहे. दवाखान्यांतील जुन्या क्ष-किरण चित्रांच्या फिल्मवर चांदी असते. ती काढणें हा कांहीं काळ चांगला चालता धंदा होता, आणि चित्रें संगणकावर दिसूं लागल्यापासून तो आटत चालला. त्याची जागा मोडक्या संगणकांनीं व दूरध्वनींनीं घेतली. त्यांच्या आंतील हिरव्या पाट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, आणि एक टन पाट्यांत एक टन खनिजापेक्षां कित्येक पटींनीं अधिक सोनें असतें. कोलारच्या खाणींनीं १८८० च्या सुमारापासून एकशेंवीस वर्षांत सुमारें ८०० टन सोनें दिलें आणि परवडेनाशा होऊन त्या २८ फेब्रुवारी २००१ रोजीं बंद पडल्या. माणसाच्या टाकाऊ यंत्रांची खाण मात्र दरसाल वाढते आहे. २०२२ मध्यें जगांत असा विजेच्या उपकरणांचा कचरा ६ कोटी २० लाख टन निघाला, आणि त्यांतील अवघा २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेला, अशी संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालांत नोंद आहे.

बाकीचा कोठें जातो त्याचें एक उदाहरण मुरादाबादेस रामगंगेच्या कांठीं दिसून आलें आहे. तेथें पाट्या उघड्यावर जाळीत आणि त्यांची राख नदीच्या पाण्यांत परातींनीं धूत. हलकें वाहून जाई, जड तळाशीं राही. अकबराच्या नियारियाला तेथें नेऊन उभें केलें असतें तर त्याला काम समजावून सांगण्याची गरज पडली नसती. फरक राखेचा होता. त्याच्या राखेंत कोळसा व माती होती; ह्या राखेंत शिसें, कॅडमियम आणि जळक्या प्लास्टिकचें विष होतें, आणि तें धुणाऱ्यांत बाया होत्या, पोरें होतीं. भारतांत ह्या कचऱ्याचे नियम २०११ मध्यें प्रथम निघाले, २०१६ मध्यें बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून पुन्हां नवे लागू झाले. यंत्र बनविणाऱ्यानेंच तें मोडल्यावर त्याची व्यवस्था पाहावी हा त्यांचा मुख्य रोख आहे. नोंदलेले कारखाने उभे राहत आहेत. तेथें पाट्या यंत्रानें दळतात, धातु वेगळे करतात, धूर धुतात.

त्या कारखान्यांना माणसें हवीं आहेत. मुशीचा रंग पाहून उष्णता ओळखणारीं, भुकटी बोटांत चोळून कस सांगणारीं, तेजाबाच्या पाण्यांत अजून चांदी शिल्लक आहे कीं नाहीं हें चिमूटभर मीठ टाकून पाहणारीं माणसें खानापूर-आटपाडीच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या तयार झालीं आहेत. मीठ टाकल्यावर पाणी दह्यासारखें पांढरें झालें तर चांदी आहे. नितळ राहिलें तर नाहीं. ही परीक्षा ज्याला येते त्याला दाहक सोड्याची टांकी केव्हां बदलावी हें शिकावयास एक आठवडा पुरेल. टांकीवर आम्लाची खूण दाखविणारी कागदाची पट्टी बुडवायची, ती निळी राहिली तर चालूं द्यायचें, तांबूस झाली कीं सोडा नवा घालायचा. पट्टीची किंमत चार-दोन रुपये आहे.